दुष्परिणाम ही तळटीप नव्हे

१/ कर्करोगावरील इम्युनोथेरपीचा इतिहास बहुधा विजयगाथेच्या थाटात सांगितला जातो: कोली, ॲलिसन, होन्जो, २०१८चे नोबेल, इति संपूर्णम्! या मांडणीवर माझा आक्षेप आहे. औषधाने चेतवलेली प्रतिकारयंत्रणा रुग्णाच्याच अवयवांवर उलटते, हा या इतिहासाचा निम्मा भाग आहे. तो वगळला की उरलेला निम्माही खोटा ठरतो.

२/ आरंभच पाहा. १८९१ साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी सार्कोमाच्या रुग्णाला हेतुपुरस्सर स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचले. तीव्र ताप आला, गाठ विरली. एवढे सर्वजण सांगतात. जिवंत जंतूंच्या टोचणीने पुढे काही रुग्ण दगावले आणि म्हणून कोली मृत जंतूंच्या मिश्रणाकडे वळले, हे मात्र गाथेतून गळते.

३/ विसाव्या शतकाच्या प्रारंभी पाउल एर्लिश यांनी एक संकल्पना मांडली: शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलण्यास धजत नाही. तिला त्यांनी 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असे नाव दिले. हा संयम राखणारे काही रेणवीय लगाम शतकाच्या अखेरीस हाती आले. सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही त्यांपैकी दोन नावे.

४/ १९९५: सीटीएलए-४चे जनुकच नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मेले. अनियंत्रित टी-पेशींनी त्यांचे हृदय आणि स्वादुपिंड पोखरले होते. १९९६: जेम्स ॲलिसन यांच्या गटाने हाच लगाम प्रतिपिंडाने रोखला आणि उंदरांमधील गाठी नाहीशा झाल्या. अंतर अवघे एका वर्षाचे. आपण मात्र दुसरा प्रयोग पाठ करतो आणि पहिला विसरतो.

५/ तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेतही तेच. पीडी-१ नसलेल्या उंदरांत १९९९ साली ल्युपससदृश विकार आढळला. २००१ साली उंदरांच्या दुसऱ्या एका वाणात हृदयविकार. लगाम सोडल्यास काय घडते, हे औषध बाजारात येण्यापूर्वीच छापून आले होते.

६/ २००३: अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मेलानोमाच्या १४ रुग्णांना सीटीएलए-४ रोखणारे प्रतिपिंड व एक लस देण्यात आली. तिघांच्या गाठी आक्रसल्या वा गेल्या. सहा जणांना गंभीर स्वप्रतिकारक विकार जडले: त्वचा, आतडी, यकृत, पीयूषिका ग्रंथी. लाभ झालेल्यांपेक्षा इजा झालेले अधिक.

७/ २००५: त्याच संस्थेतील ५६ रुग्ण. गंभीर स्वप्रतिकारक त्रास झालेल्या १४ पैकी ५ जणांना गुण आला. तसा त्रास न झालेल्या ४२ पैकी फक्त दोघांना. मग याला 'साइड' इफेक्ट म्हणायचे कसे? गुण आणि दोष एकाच मुळातून फुटतात.

८/ २०१०: इपिलिमुमॅबची ६७६ रुग्णांवरील निर्णायक चाचणी. आयुर्मान वाढले, हे खरेच. औषधांशी निगडित १४ मृत्यू झाले, त्यांतील ७ प्रतिकारजन्य, हेही तितकेच खरे. २०१६ साली दोन औषधांच्या संयोगानंतर हृदयदाहाने दगावलेल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि या धोक्याकडे व्यापक लक्ष गेले. १९९५च्या उंदरांचे हृदय आठवते ना?

९/ यावर म्हटले जाते, "हे सांगितल्यास रुग्ण घाबरतील." उलट, न सांगणेच घातक आहे. हे विकार उपचारानंतर आठवड्यांनी, कधी औषध थांबवल्यावर महिन्यांनीही उद्भवतात. जुलाब 'बाहेरच्या खाण्याने' लागले असे समजून रुग्ण घरी थांबला, तर वेळ निसटते. वेळीच ओळख पटली तर बहुतेक विकार स्टिरॉइडने आटोक्यात येतात. हे शहाणपण त्या चाचण्यांतील रुग्णांनी देह झिजवून मिळवून दिले आहे.

१०/ हा विषय आता परका नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली. कार-टी म्हटले की सायटोकाइन-वादळावर नजर ठेवणे आलेच.

११/ आणि आपण? 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे काढ्यापासून बिस्किटापर्यंत सर्वत्र वाचतो आणि मान डोलावतो. प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितकी उत्तम, ही समजूत वरील प्रत्येक नोंद खोडून काढते. आरोग्य शक्तीइतकेच संयमावर उभे असते. तेव्हा यापुढे कोणी ही विजयगाथा सांगू लागला, की एकच प्रश्न विचारा: १४ पैकी त्या सहा जणांचे काय झाले?