मुरलेली की जून झालेली?

‘जुनं’ आणि ‘जून’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. जुनं ते सोनं. जून ती भेंडी, जिचं टोक मोडायला गेलं की वाकतं पण तुटत नाही, आणि जी बघताक्षणी आई भाजीवाल्याच्या टोपलीत परत टाकते. अमेरिकेत मात्र जून झालेली दारू सोन्याच्या भावानं खपते आहे. ती घेणाऱ्यांत आता आपलीही पोरं आहेत, म्हणून हा त्रागा.

दारू म्हणजे बर्बन. वर्षानुवर्षं पिंपात ठेवलेली, एकाच पिंपातून बाटलीत भरलेली, लेबलवर १८, २०, २३ असा आकडा मिरवणारी. माझा एक मित्र सिनसिनाटीत राहतो, मूळचा सांगलीचा. नदीवरचा पूल ओलांडला की केंटकी. दोन वर्षं दुकानांपुढच्या रांगांत उभं राहून, सोडतींत नाव घालून त्यानं अठरा वर्षांची एक बाटली मिळवली. नाव सांगत नाही. माझं भांडण त्या बाटलीशी नाही, आकड्याशी आहे. गेल्या दिवाळीत ती फोडली. आम्ही चार मित्र आणि वहिनी.

रंग सुरेख, जुन्या सागवानी कपाटासारखा. वास तर फारच छान: व्हॅनिला, जळकी साखर, चामड्याच्या पाकिटाची ऊब. मग घोट. क्षणभर गोडवा आला आणि त्याच्या मागोमाग जिभेच्या दोन्ही कडा आवळून धरणारा तुरटपणा, जो नंतर हललाच नाही. मका कुठे गेला, राय कुठे गेली? लाकूड, नुसतं लाकूड. आम्ही चौघे मात्र डोळे मिटून माना डोलवत होतो. ‘कॉम्प्लेक्स आहे,’ एक जण म्हणाला. ‘ओक छान उतरलाय,’ दुसरा म्हणाला. तो दुसरा मीच.

वहिनींनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. ‘हा तर हिरड्याचा काढा लागतोय रे.’

वहिनी बरोबर होत्या, आणि तेही रसायनशास्त्राला धरून. हिरडा तुरट असतो टॅनिनमुळे, आणि ओकच्या लाकडातही टॅनिनच असतं. बर्बनच्या कायद्यात दोन अटी मुख्य: धान्यात निदान ५१ टक्के मका हवा, आणि दारू मुरवायला आतून जाळून काळं केलेलं ओकचं नवंकोरं पिंप हवं. नवंकोरं, हे महत्त्वाचं. स्कॉटलंडवाले बहुतेक वेळा बर्बननंच वापरून टाकलेली पिंपं आणतात. एकदा उकळलेल्या चहाच्या पुडीसारखी, बराचसा अर्क निघून गेलेली. त्यात व्हिस्की अठरा वर्षं पडून राहिली तरी लाकूड तिला गिळून टाकत नाही. शिवाय तिकडची हवा थंड आणि दमट. केंटकीचा उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळा गोठवतो; उष्म्यानं दारू लाकडात शिरते, गारठ्यानं परत बाहेर येते, आणि दर फेरीला लाकडातलं काहीतरी घेऊन येते. पहिली काही वर्षं ते वरदान. नंतर नाही.

त्यातच दारू उडत असते. पिंप साधारण २०० लिटरचं. त्यातून केंटकीत दरसाल तीन ते पाच टक्के हवेत जातं. त्याला तिथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. चार टक्के धरून हिशेब करा: अठरा वर्षांनी पिंपात निम्म्याहून कमी उरतं. टॅनिन मात्र उडत नाही. ते तिथेच बसून दाट होत जातं. बासुंदी आटवताना गॅस कधी बंद करायचा हे कळावं लागतं. जास्त वेळ आटवली म्हणून ती जास्त चांगली, असं म्हणणाऱ्याला स्वयंपाकघरात कुणी उभं करणार नाही. बर्बनच्या दुकानात त्याला जाणकार म्हणतात.

हा आकडा आला कुठून, ती गोष्ट तर आणखी मजेची. १९७०च्या दशकात अमेरिकन तरुणांनी वडिलांच्या बर्बनकडे पाठ फिरवली आणि व्होडका जवळ केली. केंटकीच्या गोदामांत पिंपं पडून राहिली. बहुतेक पिंपं कुणी दूरदृष्टीनं वीस वर्षं जपली नव्हती; गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती राहिली. लुईव्हिलजवळची स्टिट्झेल-वेलर ही नावाजलेली डिस्टिलरी १९९२ साली बंद पडली. अशा न खपलेल्या जुन्या साठ्यांना आधी जपानमध्ये गिऱ्हाईक मिळालं. मग नव्वदच्या दशकातच शिकागोच्या एका चाचणी संस्थेनं वीस वर्षांच्या पॅपी व्हॅन विंकलला १०० पैकी ९९ गुण दिले. पुढचं तुम्हाला इन्स्टाग्रामवरून माहीत आहे. मंदीत साचलेल्या मालाला परंपरेचं नाव मिळालं. त्यातली काही पिंपं खरोखर अप्रतिम होती, हे मी नाकारत नाही. पण अपघातातून वाचलेल्यांकडे बघून कुणी अपघाताची शिफारस करत नाही.

‘सिंगल बॅरल’ या कल्पनेची चेष्टा मी करणार नाही, कारण ती मुळात फार शहाणी आहे. १९८४ साली फ्रँकफर्टमध्ये एल्मर टी. ली यांनी ब्लँटन्स बाजारात आणली, तिच्यापासून ही पद्धत रूढ झाली. ब्लँटन्सचं लेबल कधी नीट वाचा. गोदाम कोणतं, मांडणी कितवी, पिंपाचा क्रमांक काय, कोणत्या तारखेला रिकामं केलं, सगळं दिलेलं असतं. वय नसतं! बहुमजली गोदामात वरच्या मजल्यावरचं पिंप आणि तळमजल्यावरचं पिंप एकाच दिवशी भरलेली असली तरी आठ-दहा वर्षांनी ती एका आईची लेकरं वाटत नाहीत. म्हणून कुणीतरी पिंपापिंपाशी जाऊन चव घ्यायची आणि म्हणायचं, ‘हे झालं, उतरवा.’ त्या माणसाच्या जिभेचा निवाडा म्हणजे सिंगल बॅरल. त्यावर भलामोठा आकडा चिकटवला की जिभेची जागा कॅलेंडर घेतं.

यावर माझा मित्र म्हणतो, ‘तुला एक वाईट मिळाली म्हणून सगळ्या वाईट?’ नाही. लेक्झिंग्टनच्या एका बारमध्ये मी सतरा वर्षांची एक प्यायलोय, तिची आठवण अजून जिभेवर आहे. पण त्याचं श्रेय पिंप गार जागी ठेवणाऱ्याला आणि वेळेवर थांबणाऱ्याला. सतरा या संख्येला कशासाठी द्यायचं?

संख्येला श्रेय द्यायचं कारण वेगळंच आहे. संख्या दाखवता येते, चव दाखवता येत नाही. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली; महाग म्हटलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंदाशी संबंधित भाग जास्त उजळला. म्हणजे आम्ही माना डोलवत होतो ते निव्वळ ढोंगही नव्हतं, हे जास्त वाईट. आणि ही भूक कुठवर नेते बघा: २०२३ साली ओरेगॉन राज्याच्या मद्य आयोगातले वरिष्ठ अधिकारीच पॅपीसारख्या दुर्मिळ बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून ठेवत असल्याचं उघड झालं. छापील किंमत शेकड्यांत, पुनर्विक्रीचा भाव हजारांत. अशा किती बाटल्यांचं बूच कधीच निघत नसेल! न प्यायलेली दारू तुरट लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

आता हे लोण इकडे येणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतानं बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. चांगलंच झालं, या आणि प्या. पण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘किती वर्षांची?’ हाच असेल तर आपण आपल्याच दारातलं विसरलो. बर्बनला पिंप दुसऱ्यांदा वापरता येत नाही, म्हणून तीच पिंपं बंगळुरूला येतात, गोव्यात कुंकळ्ळीला येतात. बंगळुरूच्या उकाड्यात वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास माल उडतो. तिथे अठरा वर्षं थांबलं तर पिंपात फारसं काही राहणारच नाही. त्या बंगळुरूची अमृत फ्युजन, जिच्यावर वयाचा आकडाच नाही, २०१०मध्ये जिम मरे यांच्या व्हिस्की बायबलमध्ये जगात तिसरी आली होती.

त्या दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी आमची परीक्षा घेतली. तीन ग्लास, तळाला चिठ्ठ्या: अठरा वर्षांची, आठ वर्षांची आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली सहा वर्षांची. मित्रानं आठ वर्षांचीला छातीवर हात ठेवून ‘हीच अठराची’ म्हणून सांगितलं. मी सहा वर्षांचीला. चिठ्ठ्या उलटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

अठराची अजून त्याच्या बेसमेंटमध्ये आहे, अर्ध्याहून जास्त भरलेली. पाहुणे आले की काढून दाखवतो, वास घ्यायला देतो. ओततो आठ वर्षांची.