कीर्द-खतावणी कोणाच्या हातात?

धंदा करा, नोकऱ्या मागणारे नको, देणारे व्हा, असे सांगणारी भाषणे आता आपल्या प्रत्येक जयंतीत होतात. भाषण संपते, टाळ्या पडतात, आणि ज्या दोन-चार पोरांनी ते मनावर घेतलेले असते ती कामाला लागतात. आमच्या संपर्कातच असे बरेच जण आहेत. कोणी कोल्हापुरी पायताण विकतो, कोणी लेदरच्या बॅगा, कोणी बाबासाहेबांची प्रतिमा छापलेले टी-शर्ट, बुद्धमूर्ती, पंचशील ध्वज, पुस्तके. दुकान भाड्याने घ्यायची ऐपत नसते म्हणून विक्री ऑनलाईन. ही पोरे आमच्याकडे येतात तेव्हा फोटो कसे काढावेत, रील कशी चालवावी, जाहिरातीवर किती घालावे हे विचारतात. हिशेबाचे काय, हा प्रश्न आजवर एकानेही आपणहून विचारलेला नाही. नोटीस आल्यावर मात्र सगळे विचारतात.

म्हणून आज थोड्या रुक्ष विषयावर लिहितो आहोत: ऑनलाईन विक्री आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणे. वाचकांपैकी काहींना वाटेल, हा चळवळीचा विषय आहे का? आमच्या मते आहे, आणि पुष्कळ आहे.

गावगाड्यात लेखणी कोणाकडे होती ते आठवा. महाराने वेसकरकी केली, सरकारी खजिना पोचवला, जमिनीच्या शिवेचा साक्षीदार तोच. पण दप्तर कुलकर्ण्याच्या बस्त्यात. कोणाकडे किती बाकी, कोणाचे शेत कोणाच्या नावे, हे लिहिणारा एक आणि अंगठा उमटवणारा दुसरा. जोतीरावांनी भट-कुलकर्ण्यांवर एवढे का लिहिले, हे कळायला त्या बस्त्याची ताकद समजून घ्यावी लागते. शाहू महाराजांना ती समजली होती. १९१८ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, आणि त्यावर केवढा गहजब झाला! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये, असे सरळ सांगितले आहे. ज्याने धन साठवायचे नाही, त्याला कीर्द-खतावणी शिकवायची कशाला?

बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आपल्याला माहीत असते, निदान ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे नाव तरी. एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. ज्या १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, त्या काळात बाबासाहेब मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. त्याआधी परदेशातून परतल्यावर त्यांनी शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी छोटी पेढी काढून पाहिली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली.

आज पोर्टलवर पायताण घेणारा माणूस विकणाऱ्याची जात विचारत नाही. त्याला फोटो, किंमत आणि स्टार दिसतात. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात गिऱ्हाईक यावे म्हणून खुद्द शाहू महाराजांना तिथे जाऊन चहा प्यावा लागला होता. त्या मानाने ही सोय मोठीच. (बिलावर मालकाचे नाव छापलेले असते, आणि आडनाव दिसू नये म्हणून कोणते दुकाननाव घ्यावे याचा विचार आपली पोरे किती वेळ करतात हेही आम्ही पाहिले आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.) गिऱ्हाईक आडनाव विचारत नाही, तरी दप्तर मात्र पुन्हा दुसऱ्याच्याच बस्त्यात गेले आहे. ते कसे, हे आकड्यांतच पाहू.

समजा, आपल्या पोराने पोर्टलवर एक जोड १०५० रुपयांना विकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे मालाची किंमत १००० आणि कर ५०. पोर्टलने कमिशन घेतले, समजा १५०, आणि पोचवण्याचे ८०. या २३० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१ रुपये ४० पैसे. शिवाय कायद्याप्रमाणे पोर्टल विक्रीच्या रकमेवर अर्धा टक्का जीएसटीचा टीसीएस कापते, तो ५ रुपये. आणि आयकराचा ०.१ टक्का टीडीएस, तो १ रुपया. हे सगळे वजा जाता बँकेत आले ७७२ रुपये ६० पैसे. तेही एकेक जोडाचे वेगळे येत नाहीत. ठराविक दिवसांनी पन्नास-साठ ऑर्डरींची एकच रक्कम जमा होते, त्यातून परत आलेल्या मालाचे पैसे आधीच कापलेले असतात.

पोरगा वहीत काय लिहितो? ‘विक्री ७७२.६०’. इथेच सगळे बिघडते. सरकारच्या पोर्टलवर त्याच्या नावे १००० रुपयांची विक्री नोंदलेली आहे, कारण कंपनीने आपल्या विवरणात ती कळवली आहे. याने कमी दाखवली की तफावतीची नोटीस. नोटिशीला घाबरून पूर्ण ५० रुपये भरले, तर कमिशनवर दिलेल्या ४१.४० रुपयांची वजावट गेली, टीसीएसचे ५ गेले, टीडीएसचा १ गेला. खरे तर वजावट आणि टीसीएस धरून त्याला फक्त ३ रुपये ६० पैसे भरायचे होते. जोडामागे ४७ रुपये ४० पैसे हातचे गेले. महिन्याला ३०० जोड जात असतील तर १४,२२० रुपये. एवढ्या पैशात तो एक माणूस कामाला ठेवू शकला असता. लुबाडायला कोणी आले नव्हते, एकही कायदा मोडला गेला नाही, नोंद नव्हती एवढेच.

यात माल परत येण्याची भर घाला. चप्पल म्हटल्यावर नंबर बसला नाही म्हणून जोड परत येणारच. मार्चमध्ये विकलेला एप्रिलमध्ये परत आला, की विक्री एका आर्थिक वर्षात आणि परतावा दुसऱ्या. त्याची क्रेडिट नोट काढली नाही तर न झालेल्या विक्रीवर कर भरला जातो. गिऱ्हाईक पुण्याचे असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, बेळगावचे असेल तर आयजीएसटी. दीक्षाभूमीच्या स्टॉलवर आठ नंबरचे सगळे जोड संपले, पण पोर्टलवर अजून ‘उपलब्ध’ दिसतात; तिकडून ऑर्डर येते, रद्द करावी लागते, आणि मेहनतीने मिळवलेले स्टार उतरतात.

विक्री आणि हिशेब जोडणे म्हणजे यावर उपाय. ऑर्डर एकदाच येते आणि तिची नोंद सगळीकडे आपोआप पडते: बिल तयार होते, साठ्यातून जोड कमी होतो, गिऱ्हाईकाच्या राज्याप्रमाणे कर लागतो. पैसे आले की पोर्टलचा हिशेब आणि बँकेची रक्कम ऑर्डरवार जुळवली जाते. कमिशन खर्चात, त्यावरचा कर वजावटीत, टीसीएस येण्यात. टॅलीत हे एक्सेलमधून नोंदी आत घेऊनही करता येते, किंवा मधल्या एखाद्या सॉफ्टवेअरने थेट जोडूनही. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत, आणि शॉपिफायसारख्या दुकानाशी ते जोडता येते. सर्व्हरचा खर्च आणि बसवून देणारा माणूस मात्र लागतो. फुकट म्हणून उडी मारणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

आणि हेही स्पष्ट सांगतो: महिन्याला तीस-चाळीस ऑर्डरी असतील तर काहीही विकत घेऊ नका. एक नीट एक्सेल पुरते. वर्षाचे पॅकेज गळ्यात मारणारे विक्रेते पुष्कळ फिरताहेत, आणि जोडणी करून दिली की हिशेब आपोआप होतो असे ते सांगतात. होत नाही. पोर्टलवर त्याच पायताणाचे नाव ‘कापशी ब्राऊन’, वेबसाईटवर ‘कोल्हापुरी मेन्स’ आणि वहीत ‘साधी वेणी’ असेल, तर यंत्र तिन्हींना वेगळा माल समजणार. आधी मालाची एक यादी, प्रत्येक नगाला आणि प्रत्येक नंबराला एक कोड, त्यासमोर एचएसएन आणि कराचा दर. हे काम माणसालाच करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण दोन रविवारांत होते.

आता बस्त्याकडे परत येऊ. आमच्या ओळखीतल्या विक्रेत्यांना आम्ही एक साधी गोष्ट विचारत आलो: तुमच्या जीएसटी नोंदणीत मोबाईल नंबर कोणाचा आहे? बऱ्याच जणांचे उत्तर, करसल्लागाराचा. ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्याकडे, टॅलीची फाईल त्याच्या संगणकात. एका मुलाने सल्लागार बदलायचे ठरवले तर आधीच्याने तीन महिने डेटा दिला नाही. माल याचा, कष्ट याचे, आणि स्वतःच्या धंद्याची अवस्था दुसऱ्याला विचारून कळणार. कुलकर्णी वतन गेले असे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? सल्लागार जरूर ठेवा, चांगला असेल तर त्याचे पैसेही वेळेवर द्या. पण नंबर, ईमेल आणि मालकीचे लॉगिन स्वतःचे, त्याला फक्त कामापुरती परवानगी. सॉफ्टवेअर घेतानाही पहिला प्रश्न हाच विचारा: उद्या सोडून गेलो तर माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये मिळेल का? गोलमोल उत्तर आले तर उठा.

हिशेबाशिवाय हक्कही कागदावरच राहतात. २०१६ साली स्टँड-अप इंडिया आली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला आणि एका महिलेला १० लाख ते १ कोटींपर्यंत कर्ज द्यावे, अशी ती योजना होती; तिची मुदत २०२५ साली संपली. सार्वजनिक खरेदी धोरणात केंद्र सरकारच्या खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घेण्याचे उद्दिष्ट आहे. अशा तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी भांडलेच पाहिजे, आम्हीही भांडतो. पण बँकेचा अधिकारी जात्यंध असो की नसो, नकार देताना तो कागदाचेच कारण पुढे करतो. विवरणपत्रे, ताळेबंद, साठ्याचा तक्ता टेबलावर ठेवला, तर त्याला खरे कारण तोंडाने सांगावे लागेल. मग त्याच्याशी भांडता येते.

आपल्यातले काही साथी म्हणतील, बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि तुम्ही पोरांना टॅली शिकवताय. आक्षेप गंभीर आहे, तो हसण्यावारी नेणार नाही. चार जोड विकणारा भांडवलदार होत नाही हे खरे, पण चारशे विकायला लागला की होऊ शकतो. म्हणून आमचा आग्रह असा की खतावणीत पोर्टल आणि सरकार यांच्याबरोबर तिसरे खातेही हवे, मजुरीचे. वेणी घालणाऱ्या बाईला जोडामागे किती दिले, कधी दिले, किती राहिले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय मानांकन मिळाले, २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोनंतर जगभर तिची चर्चा झाली, पण त्या सगळ्या बोलण्यात त्या बाईची मजुरी कितीदा आली? जो विक्रेता पोर्टलकडून पैशा-पैशाचा हिशेब मागतो आणि कारागिराला ‘बघू पुढच्या बाजाराला’ म्हणतो, त्याच्या यशाचे सत्कार आपल्या व्यासपीठावर होऊ नयेत. सॉफ्टवेअरमध्ये कारीगरवार मजुरीचे खाते उघडायला वेगळा पैसा लागत नाही.

राहिला प्रश्न हे करणार कोण. आपल्या वस्त्यांत बी.कॉम. झालेली, स्पर्धा परीक्षेची चौथी-पाचवी खेप देणारी मुले-मुली काही कमी नाहीत. डेबिट-क्रेडिट त्यांना येते, फक्त ते कोणासाठी वापरायचे हे कोणी सांगितलेले नाही. विहारात रविवारी वंदनेनंतर दोन तास, एक लॅपटॉप, एक प्रिंटर. पाच-सात विक्रेत्यांनी मिळून एकीला महिन्याचे मानधन द्यावे. तिने सगळ्यांची पोर्टलची आणि बँकेची जुळवणी करावी, विवरणपत्र भरायच्या तारखा सांभाळाव्यात, आणि विक्रेत्यालाही समोर बसवून शिकवावे.

ज्यांची विक्री राज्याबाहेर जात नाही आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, त्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवायही पोर्टलवर माल विकता येतो. त्यासाठी पॅनवर नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे कित्येकांनी सुरुवातच केलेली नाही. अशांनी येताना पॅन कार्ड, बँकेचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट आणि आपल्या मालाची हाताने लिहिलेली का होईना, पण पूर्ण यादी घेऊन यावे.

जयभीम!