सोपी घळ म्हणणाऱ्याले आधी पाणलोट विचारा

मंडळी, आज कपाशीवर नाही लिहीत. थोडं रागात लिहितो, समजून घ्या.

पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्यानं काल एक रील पाठवलं. दोन बाजूनं कातळाच्या भिंती, मधात पाणी, अन् त्यातून पोरं हसत-खिदळत खाली उतरत आहेत. वर लिहिलेलं, "लहान घळ, एकदम सोपी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी बेस्ट." सोबत त्याचा मेसेज: "मामा, जुलैत आम्ही दहा जण जातोय. ताईलाही पाठवा." ताई म्हणजे माझी पोरगी.

मी नाही म्हटलं. तर म्हणते कसा, "मामा, तुम्हीच तर माझ्यासोबत सांदणला उतरले होते. तेव्हा सोपी वाटली ना?"

हो, उतरलो होतो. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावातून, भंडारदऱ्याकडे. जानेवारी महिना, आभाळ कोरं. काळ्या कातळाला पडलेली उभी चीर, दोन-तीनशे फुटांच्या भिंती, पायाखाली मोठमोठे धोंडे. पहिल्या डोहात मांडीभर पाणी, दुसऱ्यात कमरेच्या वर. थंडीनं दात वाजले, पण पाणी एका जागी उभं होतं. पुढं एक कडा दोरावरून उतरलो. गावातला माणूस सोबत होता. पन्नाशीचा मी उतरलो म्हणजे सोपीच म्हणा.

पण मंडळी, सोपी ती घळ नव्हती, सोपा तो दिवस होता. हेच पावसाळ्यात पाहा, ती दरी वाट राहत नाही, ओढा होते. वरच्या पठाराचं पाणी तिच्यातूनच कोकणाकडं पडते.

आपण शेतकरी आहोत, आपल्याला हा हिशेब कोणी शिकवायला नको. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. आता एखाद्या घळीच्या वर 200 हेक्टरचा पाणलोट धरा. तासाभरात 25 मिलिमीटर पडला, आपल्याकडं तर हा साधा सरवा झाला. पाच कोटी लिटर पाणी झालं. माती भरलेली असेल किंवा खाली कातळ असेल, तर निदान अर्धं वाहून येणारच. अडीच कोटी लिटर तासाभरात एका चिरेतून काढायचं म्हणजे सेकंदाला जवळपास सात हजार लिटर. चीर दोन मीटर रुंद असली अन् पाणी मीटरभर चढलं, तर वेग सेकंदाला साडेतीन मीटर. त्यात बैल उभा राहत नाही, माणसाचं काय सांगता?

म्हणून घळीची लांबी किती, हा सवालच चुकीचा आहे. वर पाणलोट किती, अन् मधात बाहेर निघायला जागा किती, हे दोनच सवाल. आपल्या कळंबच्या चिंतामणीलाही आपण जमिनीखाली उतरतो, समोर पाण्याचं कुंड आहे. पण तिथं ज्या पायरीनं उतरलो त्याच पायरीनं वर येतो. घळीत दोर ओढून घेतला की मागची वाट संपली.

अन् मुख्य गोष्ट, पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजच नाही. अमेरिकेच्या ॲरिझोनात अँटेलोप कॅन्यन आहे. 12 ऑगस्ट 1997 ला पाऊस कोसळला काही मैल वर, अन् खाली घळीत 11 माणसं गेली. युटा राज्यात झायन नॅशनल पार्कमध्ये कीहोल नावाची घळ आहे. अगदी लहान, नवशिक्यांची समजली जाणारी. थोडं पोहणं, दोन-तीन लहान कडे, बस. 14 सप्टेंबर 2015 ला तिच्यात सात जण उतरले. वरून लोंढा आला, सातपैकी एकही वाचला नाही. घळ तीच, आदल्या दिवशी सोपीच होती.

भाचा म्हणते, "गाईड आहे मामा, हेल्मेट आहे, जॅकेट आहे." बापा, दोर पडण्यापासून वाचवते, पाण्यापासून नाही. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ 27 जुलै 1999 ला अशाच घळीत 21 जण गेले. त्यात तीन गाईड होते. चांगला गाईड तो नाही जो पुरात तुम्हाला काढतो. चांगला गाईड तो, जो सकाळी आभाळ पाहून म्हणते, आज नाही, पैसे परत घ्या.

आता कोणी म्हणेल, गावाच्या पोटावर काऊन पाय देता? नाही देत. साम्रदसारख्या गावाला त्या दरीनं चार पैसे मिळतात, मिळालेच पाहिजेत. हिवाळ्यात जा, गावातला माणूस सोबत घ्या, त्याच्या घरी जेवा. पण तो नाही म्हणाला तर त्याचा शब्द शेवटचा. रीलवाल्याचा नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही मान हलवत असाल, की शहरातल्या पोरांना अक्कल नाही. थांबा. माझ्या रागातला अर्धा राग माझ्यावरच आहे. काही वर्षांमागं वावरातून घरी येताना नाल्याला पाणी होतं. वावरात थेंब नव्हता, वर कुठंतरी पडला होता. मी म्हटलं, रोजचाच नाला आहे, दहा पावलं तर आहे. बंडी घातली. मी धुऱ्याच्या पळसाला धरून निघालो, एक बैल निघाला. दुसरा दुसऱ्या दिवशी अर्ध्या कोसावर सापडला. "रोजचाच आहे, लहान आहे" हेच शब्द मीही बोललो होतो. 28 सप्टेंबर 2021 ला आपल्याच जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटी वाहून गेली, माणसं गेली. तोही नालाच होता, नदी नव्हती.

भाच्याला सांगितलं, डिसेंबरात ये, मीही येतो, ताईही येईल. जुलैत नाही. अन् हिवाळ्यातही अवकाळीचा अंदाज असेल तर काठावर बसून चहा पिऊ. आत असताना पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहत आला, वरून घरघर ऐकू आली, तर पाण्यासोबत खाली पळायचं नाही. सामान टाकायचं अन् जिथं चढता येते तिथं उंचावर चढायचं.

तो रुसला आहे. रुसू द्या, रुसलेला भाचा दिवाळीला येते.

कृषी विभागातल्या अन् विद्यापीठातल्या मित्रांना एकच विनंती. पाणलोटाचा नकाशा तुम्ही बंधाऱ्यासाठी काढता. तोच नकाशा गावच्या शाळेत घेऊन जा, अन् पोरांना दाखवा की आपल्या नाल्यात कुठवरचं पाणी येते. ज्या पोराला हे समजलं, ते नाल्यातही जपून पाय टाकेल अन् घळीतही.