गवा अंगावर आला, पण तुम्ही काय करत होता?

कोयना-चांदोलीत भटकून आलेले सांगतात, 'गव्याने हल्ला केला.' तुम्ही किती अंतरावर होता? त्याची वाट कुणी अडवली? मोबाइल कुणी समोर धरला? हे कुणी सांगत नाही, बातमीदारही विचारत नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात, कोथरूडला शिरलेला गवा गर्दीने पळवून पळवून दमवला आणि तो मेला. वर्षभराने दुसरा सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला. तिथेही बघ्यांची झुंबड! उसाच्या फडात गवा दिसला की शेतकऱ्याला वाटणारी भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण हौशी भटक्यांनी स्टेटस टाकण्याआधी वनखात्याचा १९२६ फिरवावा आणि आपण काय केले तेही सांगावे. नुसत्या 'अंगावर आला'वर वनरक्षकाने बंदोबस्त कुणाचा करायचा?