आधी प्रशिक्षण, मगच परांची!

सकाळी नाक्यावर उभा असलेला बिगारी दहा वाजता परांचीवर चढतो. सेफ्टी बेल्ट कुठे अडकवायचा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. मराठवाड्यातून पोटासाठी शहरात आलेली आपलीच माणसे या नाक्यांवर उभी असतात.

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामगारांच्या हक्कांना कायद्याचा आधार दिला. पुढे १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यात सुरक्षा अधिकारी सक्तीचा आहे. पण २५० कामगार असतील तिथेच! मग चार मजूर घेऊन स्लॅब टाकणाऱ्या ठेकेदाराला जाब कोण विचारणार? मजूर पडला की ‘त्याचाच निष्काळजीपणा’ म्हणून मालक मोकळा! ज्याला शिकवलेच नाही, त्याला निष्काळजी कसे म्हणता?

प्रशिक्षण नाक्यावर, मजुराच्या भाषेत आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी देऊनच झाले पाहिजे. रोजंदारी बुडवून कोण शिकायला येईल? कोऱ्या कागदावर अंगठा घेणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. बांधकाम खर्चावरचा उपकर याच कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो. त्यातून हा खर्च करा. ही भीक नव्हे, हक्क आहे. बांधवांनो, शिकण्याचा हा हक्क संघटित झाल्याशिवाय मिळणार नाही!