सुट्टीतली गोष्ट आणि इंग्रजीचे समास

मे महिना उजाडला की नाशिक शहरात कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत इंग्रजी संभाषणाच्या वर्गांच्या पाट्या झळकू लागतात. वार्षिक परीक्षेच्या शिणातून मुले पुरती सावरलेली नसतात, तोच त्यांच्या हाती शब्दांच्या याद्या पडतात. रोज वीस शब्द, त्यांचे स्पेलिंग आणि समोर मराठी अर्थ. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा यादीतील बहुतेक शब्द विस्मृतीत गेलेले असतात; शुल्क मात्र भरून झालेले असते. यात पालकांना दोष देण्याचे कारण नाही. मराठी माणूस चिपळूणकरांच्या काळापासून इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणत आला आहे आणि २००० सालापासून तर मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. प्रश्न दुधाचा नाही, ते पाजण्याच्या रीतीचा आहे.

ही रीत कशी असावी, याचा विचार आपल्याच उपखंडात शंभर वर्षांपूर्वी झाला होता. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून असे प्रतिपादन केले की, परकी भाषा शिकणाऱ्याला आधी वाचता आले पाहिजे. आणि त्यासाठी मोजक्या शब्दांत लिहिलेली, नवे शब्द थोडेथोडे व पुनःपुन्हा आणणारी पुस्तके हवीत. पुढे १९५३ साली त्यांनी नित्योपयोगी अशा सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांचा संग्रहही प्रसिद्ध केला. तो लेखकांना व शिक्षकांना मार्गदर्शक म्हणून होता, मुलांनी घोकावा म्हणून नव्हे.

अशी गोष्ट सुट्टीचीच का असू नये? समजा, मनमाडची एक मुलगी आगगाडीने नाशिकला मामाकडे निघाली आहे. हातात सूटकेस, खांद्याला वॉटरबॉटल. स्टेशनवर टाइमटेबल पाहते, गर्दीत एक पिकपॉकेट पकडला जातो. मामाच्या मळ्यात ग्रीनहाउस आहे, शेजारच्या शेतात स्केअरक्रो उभा आहे. गंगापूर धरणाच्या काठी ती सनसेट पाहते. परतताना वळवाचा पाऊस गाठतो आणि रेनकोट घरीच राहिलेला असतो. एवढ्या प्रसंगांत आठ जोडशब्द येऊन गेले. पुढे काय झाले, या उत्सुकतेपोटी मूल ते वाचते आणि शब्द प्रसंगाला चिकटून मनात राहतात.

या ठिकाणी मराठी मुलाजवळ एक भांडवल आहे, ज्याचा आपण हिशेबच धरीत नाही. माध्यमिक शाळेत तो समास शिकतो. नाशिककर मूल तर समासांतच वाढते. पंचवटी आणि सप्तशृंगी हे द्विगू, त्र्यंबक हा बहुव्रीही. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. मधले पद लोपले. रेनकोट म्हणजे पावसापासून बचाव करणारा कोट. तेथेही मधले पद लोपले. राजवाडा हा शेवटी वाडा असतो, तशी हाउसबोट ही बोट असते आणि बोटहाउस हे घर. पिकपॉकेट हा खिसा नव्हे, तो आपला खिसेकापूच. स्केअरक्रो हा कावळा नव्हे, कावळ्यांना भिवविणारे बुजगावणे. ब्रेकफास्टची फोड केली तर उपवास सोडणे, म्हणजे आपले पारणेच निघते. आणि हॉलिडे हा शब्द मुळात पवित्र दिवस या अर्थाचा. गोदाकाठी पर्वणी पाहिलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

अर्थात फोड करून प्रत्येक शब्द उलगडेल, असे नाही. बटरफ्लायमध्ये लोणी शोधणारा फसेल. ग्रीनहाउस हा एक शब्द उच्चारताना आघात पहिल्या पदावर येतो. तोच दुसऱ्या पदावर जोर देऊन म्हटला, तर ते केवळ हिरव्या रंगाचे घर ठरते. हे भेद यादीत दिसत नाहीत. मोठ्याने वाचलेल्या गोष्टीत कानाला कळतात. परीक्षेसाठी याद्या लागतात, हा आक्षेपही अगदी खोटा नाही. पण यादी ही वाचनानंतरची उजळणी असावी, वाचनाची जागा घेणारी नसावी.

खरा प्रश्न विषमतेचा आहे. शहरातील मुलाला निदान वर्ग तरी परवडतो. सुरगाणा-पेठच्या मुलाला तोही नाही. ज्याच्या घरी पैसा त्याच्याच घरी इंग्रजी, असा व्यवहार रूढ झाला तर शिक्षण विषमता कमी करण्याऐवजी वाढवील. गोष्टीच्या पुस्तकाला मात्र फार भांडवल लागत नाही. एक प्रत वर्षानुवर्षे हातोहात फिरू शकते. ज्या नाशिकात १८४० साली सार्वजनिक वाचनालय उभे राहिले, त्या जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने सुट्टीपूर्वी मुलांच्या हाती सोप्या इंग्रजीतील दोन गोष्टी देणे अशक्य नाही. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी समासाचा एक तास एकत्र घेतला, तर त्याला कोणताच खर्च नाही.

मराठी पक्की असणे हा इंग्रजीच्या वाटेतील अडसर नाही, ती त्या वाटेवरची शिदोरी आहे. ती मुलांच्या हाती द्यावयाची की वीस शब्दांची यादी, एवढेच यंदाच्या सुट्टीपूर्वी शाळांनी आणि पालकांनी ठरवावयाचे आहे.