दप्तराच्या वह्या घेताना



गट स्थापन झाला, कंपनीची नोंदणी झाली, बँकेत खाते उघडले, की पहिल्या बैठकीत कोणीतरी म्हणतो, "आता वह्या आणायला हव्यात." मग तालुक्याला जाणाऱ्या एका सभासदाच्या हातात हजार-दोन हजार रुपये दिले जातात आणि तो शाळेच्या मुलांच्या दोन डझन वह्या घेऊन येतो. चार महिन्यांत त्यांचे पुठ्ठे निघतात, मधली पाने सुटतात आणि आवक लिहायची कोठे, उचल लिहायची कोठे, याचा मेळ राहत नाही. खते, औषधे, क्रेट घेताना आपण दहा ठिकाणी भाव विचारतो. वह्यांच्या बाबतीत मात्र मिळेल ते घेतो. म्हणून आज या विषयावर चार गोष्टी लिहीत आहे.

वाशीच्या बाजार समितीत माल पाठवणाऱ्या गटांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये नवी मुंबईत आला, फळे आणि भाजीपाला १९९६ मध्ये आला. आपला माल रात्री गाडीत चढतो, पहाटे तेथे विकला जातो आणि आपल्या हातात येते ती हिशेबपट्टी. गटाचा माल एकत्र गेला असेल, तर पट्टी एक आणि वाटेकरी तीस. कोणाचे किती क्रेट, किती किलो, कोणता दर्जा, हे गावातल्या वजनकाट्यापाशी लिहिलेले नसेल, तर त्या पट्टीची वाटणी देवही करू शकणार नाही.

घाटावरचा एक गट माझ्या चांगल्या परिचयाचा. टोमॅटोचा माल, दर बरे, माणसे कष्टाळू. आवक सुट्या कागदावर लिहून खिळ्याला टोचून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. एका पावसाळी रात्री छप्पर गळले आणि तीन दिवसांचे कागद भिजून एकमेकांना चिकटले. वाद चाळीस क्रेटचा होता, पण त्यापायी दोन चुलतभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आणि पुढच्या हंगामात अकरा सभासदांनी माल स्वतंत्र पाठवला. चाळीस क्रेटचे पैसे कसेही भरून निघाले असते, गेलेला विश्वास मात्र चांगल्या दरानेही परत आला नाही.

"आता मोबाइल आहे, संगणक आहे, वही कशाला?" असे तरुण मुले विचारतात. संगणक अवश्य असावा. पण रात्री नऊ वाजता चिखलाच्या हातांनी क्रेट उतरवताना नोंद होते ती कागदावरच, आणि सभासदाची सही घेता येते तीही कागदावर. संगणकात भरण्याचे काम दुसऱ्या दिवशी सावकाश होते. शिवाय उत्पादक कंपनी असेल, तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि त्यांच्या आधाराच्या पावत्या आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. आठ वर्षे टिकेल असा कागद आणि अशी बांधणी, हे वही निवडण्याचे पहिले माप धरावे.

आता किती घ्यायच्या ते पाहू. येथे अंदाज करू नये, गणित करावे. समजा, गटात ८० सभासद आहेत, रोज सरासरी ३० जण माल आणतात आणि हंगाम ९० दिवसांचा आहे. म्हणजे २,७०० नोंदी झाल्या. एका पृष्ठावर २५ ओळी धरल्या, तर १०८ पृष्ठे लागतात. पण तारीख, नाव, माल, दर्जा, क्रेट, एकूण वजन, रिकाम्या क्रेटचे वजन, निव्वळ वजन, सही, इतके रकाने एका पृष्ठावर मावत नाहीत; समोरासमोरची दोन्ही पृष्ठे लागतात. तेव्हा २१६ पृष्ठे झाली आणि दोनशे पानी वही ऐन हंगामाच्या शेवटी संपली! म्हणून २४० पृष्ठांची एक वही किंवा त्याच आखणीच्या दोन वह्या घ्याव्यात.

खरा आकडा पुढेच आहे. प्रत्येक नोंदीला एक पावती म्हटली, तर पावत्याही २,७०० झाल्या. ५० पावत्यांचे एक पुस्तक धरले, तर ५४ पुस्तके हवीत. ६० छापून घ्यावीत, म्हणजे १ ते ३,००० असे सलग क्रमांक येतात आणि कोणते पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे हे कळते. त्याखेरीज प्रत्येक सभासदाला एक पासबुक आणि एक फवारणीची वही, म्हणजे १६० नग. रोजकीर्द, खतावणी, साठा नोंदवही आणि सभेचे इतिवृत्त मिळून वर्षाला चार-पाच वह्या पुरतात. आपण घाऊक घ्यायला हवीत ती पावतीपुस्तके आणि सभासदांच्या वह्या. खतावण्या डझनाने आणून कपाटात वाळवीला घालण्यात अर्थ नाही.

कागदाची प्रत जीएसएमवर सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. शाळेच्या वह्यांना साधारण ५४ ते ६० चा कागद असतो, दप्तराच्या वहीला ७० चा मागावा. दुकानदार म्हणेल, "सत्तरचाच आहे." ते आपल्याला तपासता येते, कारण काटा आपल्याकडे आहे. ए-फोर आकाराचे १६ कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. तेव्हा शंभर कागद (म्हणजे दोनशे पृष्ठे) ७० जीएसएमचे असतील, तर पुठ्ठ्याशिवाय वजन साधारण ४३७ ग्रॅम भरले पाहिजे. ५४ चा असेल, तर ३३७ ग्रॅमच्या आसपास भरेल. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे चालतील, शंभर ग्रॅमचा फरक लपत नाही. नमुन्याच्या एका वहीचे पुठ्ठे काढून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा.

आणखी एक घोटाळा 'पाने' या शब्दाचा. दोनशे पानी म्हणजे दोनशे पृष्ठे, की दोनशे कागद? छापखानेवाल्याशी बोलताना 'पृष्ठे' आणि 'कागद' हे दोनच शब्द वापरा. रजिस्टर 'क्वायर'वर विकतात, तेथेही पृष्ठे मोजूनच घ्यावीत, कारण सगळ्या दुकानांत क्वायरचे माप एक नसते.

बांधणीचे म्हणाल, तर मध्ये तारेची टाचणी मारलेली वही पासबुकापुरती ठीक. स्प्रिंगची वही दिसायला छान आणि उघडायला सोपी, पण तिचे पान ओढले की निघते आणि निघाल्याची खूणही राहत नाही. हिशेबाच्या कामाला ती नको. रोजकीर्द, खतावणी आणि इतिवृत्त यांना दोऱ्याची शिलाई, जाड पुठ्ठा, कापडी पाठ आणि प्रत्येक पृष्ठावर छापील क्रमांक हवाच. चुकीची नोंद पांढऱ्या शाईने झाकू नये. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा व सही करावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीतही केलेला बदल नोंदला जाण्याची सोय सक्तीची झाली आहे, ती याच तत्त्वावर. मुखपृष्ठावर चकचकीत चित्र असावे असा आग्रह काही गट धरतात. ते पैसे कापडी पाठीला द्यावेत.

बचत गटाच्या भगिनींना पंचसूत्रीतले शेवटचे सूत्र माहीत आहेच, नियमित लेखे ठेवणे. २०११ पासून चालू असलेल्या उमेद अभियानाचे मुख्यालयही नवी मुंबईतच, बेलापूरला आहे. आपल्या गटाला दप्तराचा ठरावीक नमुना दिलेला असेल, तर तोच वापरावा, नवा छापून घेण्याच्या फंदात पडू नये.

वाशीची पट्टी लावण्यासाठी एक वेगळी वही करावी. डावीकडे पट्टी चिकटवायची, उजवीकडे आपल्या आवकेशी ताळा. त्यात हमाली, वाराई, भाडे यांचे रकाने असावेत आणि 'आडत' हाही रकाना मुद्दाम ठेवावा. जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त करताना आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असे शासनाने ठरवले. तेव्हा त्या रकान्यात शून्य यायला हवे, दुसरे काही आले तर त्याच आठवड्यात विचारणा करावी. इलेक्ट्रॉनिक काट्यातून येणाऱ्या गुळगुळीत चिठ्ठ्या मात्र नुसत्या चिकटवून भागत नाही. तो कागद उष्णतेने छपाई होणारा असतो आणि त्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात. त्यांची झेरॉक्स काढून लावा.

फवारणीच्या वहीकडे पुष्कळजण दुर्लक्ष करतात. तारीख, औषधाचे नाव, प्रमाण, पाणी, पीक काढणीस किती दिवस बाकी, एवढेच रकाने पुरतात. परदेशी माल पाठवायचा असेल, तर फळाइतकीच कागदाचीही प्रतवारी होते. मे २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा तेथील विमानतळांवर नाकारल्या गेल्या. फळात कीड सापडली म्हणून नव्हे, प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी आहेत म्हणून. माल परत आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता, निर्यातदारांना तो तेथेच नष्ट करू द्यावा लागला. चूक कोणाची, यात मी शिरत नाही. बागेत राबणाऱ्याच्या हातून काही चुकले नव्हते, एवढे खरे.

छपाई कोठे करावी? मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि पुण्यात अप्पा बळवंत चौक येथे तयार वह्या घाऊक मिळतात. आपल्या रकान्यांची आखणी हवी असेल, तर छापखाना गाठावा लागतो. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात मोठे छापखाने आहेत, पण साठ पुस्तकांसाठी तालुक्याचा छापखाना बहुधा बरा, कारण दोन वेळा जाऊन कच्ची प्रत तपासता येते. आजूबाजूचे पाच-सहा गट एक झाले आणि एकच आखणी ठरवली, तर मात्र मोठ्या ठिकाणी दर उतरतो. गटाचे नाव तेवढे शिक्क्याने उमटवावे. दर तीन ठिकाणांहून लेखी घ्यावेत, त्यात कागदाचे जीएसएम, पृष्ठे, बांधणी, क्रमांक आणि पोहोचवण्याची तारीख लिहून मागावी. कर धरून की कर सोडून, हेही विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वह्यांवरचा वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे, पण रजिस्टर, हिशेबाच्या वह्या आणि पावतीपुस्तके यांना ती सूट नाही. त्यामुळे दोन्हींचे दर वेगवेगळे मांडून घ्यावेत. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. कच्च्या प्रतीवर सही करण्यापूर्वी ती रोज नोंद लिहिणाऱ्या माणसाच्या हातात द्या, अध्यक्षांच्या नव्हे. नावाचा रकाना अरुंद आहे, हे त्यालाच पहिल्यांदा कळते.

माल आल्यावर गठ्ठ्याच्या मधली पाच पुस्तके काढून क्रमांक तपासा. एकच क्रमांक दोनदा छापला गेला, तर पुढे लेखापरीक्षकापुढे उत्तर देता देता नाकी नऊ येतात. वाशीहून आणायच्या असतील, तर भाजी उतरवून परतणारी गाडी अर्धी रिकामीच असते, तिने आणाव्यात. मात्र भाजीबाजार पहाटे चालतो आणि छापखाने दहाला उघडतात, तेव्हा आदल्या दिवशीच गठ्ठे बांधून गाडीवाल्याच्या गाळ्यावर ठेवायला सांगावे. प्लॅस्टिकचा कागद दुहेरी गुंडाळावा, कारण गाडीची फळी भाजीने ओली असते.

मार्च ते जून छापखान्यांत शाळांच्या कामाची गर्दी असते. १ एप्रिलला नवी दप्तरे उघडायची असतील, तर मागणी डिसेंबरातच नोंदवावी, आणि त्याआधी कपाटातल्या कोऱ्या वह्या मोजून घ्याव्यात.